फिंच उडून जाऊ नये म्हणून: बाजारच्या पिंजऱ्यात करायचे बदल

झेब्रा फिंच या चिमुकल्या पाळीव पक्ष्याचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास भरतं. पिसं फुलवून बसली की ती गुबगुबीत दिसते, पण पिसांखाली अंग फार थोडं असतं, आणि जिथून डोकं गेलं तिथून बाकीची फिंचही जाते. आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे बजरीगर, लव्हबर्ड किंवा कॉकटील डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्यात फिंच सोडायची तर पिंजऱ्यावर काम करावं लागतं. त्यातून फिंच काही हातावर परत येऊन बसणारा पक्षी नव्हे. एकदा खिडकीबाहेर गेली की कावळे, शिक्रा आणि भूक यांच्यापुढे तिचा निभाव लागणं कठीण.

तरीही एक गोष्ट आधीच सांगायला हवी. फिंच पळते ती गजांच्या फटीतून कमी आणि आपल्या हाताशेजारून जास्त. रोज दाणा घालताना, पाणी बदलताना, ट्रे ओढताना जी दोन-चार सेकंदं पिंजरा उघडा असतो, तीच खरी जोखमीची. म्हणून जाळी बदलणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे दार रोज उघडावंच लागणार नाही अशी सोय करणं. पुढची सगळी मापं आणि पायऱ्या हा हिशेब धरून दिल्या आहेत.

हे सगळं झेब्रा, बेंगलीज, गोल्डियन अशा बाहेरच्या देशांतल्या आणि पिंजऱ्यात पैदास झालेल्या फिंचसाठी आहे. लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया किंवा आपल्याकडची कुठलीही रानमुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. दुकानदार रंग लावून किंवा ‘फिंचच आहे’ म्हणून देऊ लागला तर घेऊ नका.

आधी मोजमाप

फुटपट्टी लावून गजांमधलं अंतर नीट मोजता येत नाही, कारण तार मध्यभागी वाकते. हार्डवेअरच्या दुकानातून १० आणि १२ मिमीचे ड्रिल बिट किंवा त्याच जाडीचे बोल्ट आणा. बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग प्रत्येक फटीत घालून पाहा, तोही गजाच्या टोकाशी नव्हे, दोन आडव्या तारांच्या बरोबर मध्ये आणि हलका दाब देऊन. १२ मिमीचा बोल्ट सहज आरपार जात असेल तर ती फट मोठी आहे.

झेब्रा, बेंगलीज, गोल्डियन आणि जावा यांच्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांना १२ मिमीपर्यंतचं अंतर चालतं. कॉर्डन ब्लू, ऑरेंज चीक अशा बारीक फिंचना १० मिमीच्या वर जाऊ नका. घरात जोडी अंडी घालत असेल तरी १० मिमीच धरा. झेब्रा फिंचची पिल्लं साधारण तिसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर पडतात, तेव्हा ती आईबापांपेक्षा सडपातळ असतात आणि त्यांना दिशेचं भान नसतं. धडपडत जाळीवर आदळतात आणि समोर फट आली की त्यात घुसतात.

जाळी घेताना एक घोळ नेहमी होतो. ‘अर्धा इंची’ वेल्डमेशमधला (तारा सांध्यांवर जोडलेली चौकोनी जाळी) अर्धा इंच हा तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंतचा असतो. १८ गेजची तार सुमारे १.२ मिमी जाड असते, म्हणजे मोकळी जागा उरते साडेअकरा मिमी. १२ मिमी चालणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडतं, ज्यांना १० मिमी हवं त्यांनी मात्र याहून बारीक चौकोनाची जाळी घ्यावी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हेही लक्षात ठेवा. २२ गेजची जाळी स्वस्त पडते, पण बोटाने दाबली तरी चौकोन फाकतो. १६ ते १९ गेजमधली घ्या.

बोल्ट फिरवताना या जागा मुद्दाम तपासा: दाराच्या चारही कडा, दाण्याच्या वाट्यांच्या खिडक्या, ट्रेच्या वरची फट, फोल्डिंग पिंजऱ्याचे चारही कोपरे, वरचा आकडा जिथे बसवलाय ते भोक, आणि घरटं टांगण्यासाठी आधीच कापलेली चौकट. सापडलेल्या प्रत्येक फटीवर लाल दोरा बांधून ठेवा. काम सुरू झाल्यावर कुठली फट राहिली ते आठवत नाही.

घुमटाच्या आकाराचे, वर जाऊन गज एकत्र येणारे पिंजरे असतात, ते फिंचसाठी दुरुस्त करत बसू नका, परत द्या. वरच्या बाजूला गज निमुळते होत जातात, तिथे पाय किंवा मान अडकते आणि पक्षी जेवढा धडपडत वर सरकतो तेवढा आणखी घट्ट बसतो.

सामान

हिशेबासाठी ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच पिंजरा धरू. एका जोडीसाठी याहून लहान घेऊ नये. फिंच हेलिकॉप्टरसारखी सरळ वर चढत नाही, ती आडवी उडते, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी कामाची.

– अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश, ३ फूट पन्ह्याची, साडेआठ फूट. मधोमध उभी कापली की १८ इंची दोन पट्ट्या मिळतात. एका पट्टीत चारही बाजू होतात (३०+१८+३०+१८ म्हणजे ९६ इंच, वर थोडी जाळी एकमेकींवर यायला). दुसरीतून छत आणि तळाची जाळी निघून साडेतीन फूट उरते, ती दाराला आणि ठिगळांना.
– जे-क्लिपा (जाळीच्या दोन कडा एकत्र दाबून धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा) दीडशे, आणि त्यांचा पक्कड. पिंजऱ्याच्या बारा कडा मिळून २६४ इंच होतात. दर २ इंचाला एक धरली तर १३२ लागतात, बाकीच्या वाकड्या होऊन फुकट जातात.
– स्टेनलेस स्टीलची बारीक तार, ५ मीटर. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार नको, ती पहिल्या पावसाळ्यातच गंजते.
– अर्धा इंची अॅल्युमिनियम अँगल ३ फूट, आणि स्लायडिंग खिडकीच्या कामात वापरतात तसलं छोटं यू-चॅनल २ फूट.
– ३ मिमी जाडीच्या अॅक्रिलिकच्या पट्ट्या. कापून देणारी दुकानं मापात कापून देतात, घरी करवत चालवू नका, कडा तडकतात.
– नाकपक्कड, साईड कटर, बारीक कानस, जाड हातमोजे.
– घट्ट विणीचं सुती कापड, पॉपलिन किंवा तत्सम, अर्धा मीटर.

कोंबड्यांसाठी मिळणारी षटकोनी जाळी स्वस्त दिसते म्हणून आणू नका. ती ताणली की चौकटी लांबट होतात आणि तिची पिळाची टोकं धारदार असतात. फायबरची मच्छरदाणीची जाळीही आत लावू नका. फिंचची नखं त्यात गुंततात, आणि उंदीर ती एका रात्रीत कुरतडतो.

नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताची पांढरी भुकटी आणि सांध्यांवर थेंब असतात. फिंच पोपटासारखी जाळी चावत बसत नाही, तरी चोच लावतेच, आणि जस्त पोटात गेलं तर पक्षी दगावू शकतो. जाळी कापायच्या आधी पांढऱ्या व्हिनेगरने ताठ ब्रश मारून घासा, लोंबणारे थेंब कानशीने काढा, भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा.

आतलं अस्तर

गजांमधलं अंतर जास्त असेल तर जाळी पिंजऱ्याच्या आतून लावायची. बाहेरून लावणं सोपं, म्हणून बहुतेक जण तसंच करतात, आणि तिथेच चुकतं. गजांमधून डोकं बाहेर निघतं, पुढे जाळी आडवी येते, आणि मागे घेताना गालाची पिसं गजात अडकून मान फसते. आतून लावलेली जाळी सपाट भिंतीसारखी असते, तिला बाहेरून गज टेकू देतात.

जाळी कापताना चौकोनाच्या मध्ये नव्हे, आडव्या तारेला अगदी चिकटून कापा. मध्ये कापली की पाव इंचाची टोकं काट्यांसारखी उभी राहतात. जिथे टोकं टाळता येत नाहीत तिथे ती बाहेरच्या बाजूला वळवून गजाला गुंडाळा. मग हाताची पालथी बाजू सगळीकडून फिरवा. तिथली कातडी पातळ, काही खुपलं तर लगेच कळतं. जिथे खुपेल तिथे कानस मारा.

लावण्याचा क्रम असा. आधी तळाची जाळी, मग चार बाजूंची लांब पट्टी एका मागच्या कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरवत, शेवटी छत. पट्टीला कोपऱ्यावर वळण देण्यासाठी टेबलाच्या कडेवर जाळी ठेवून वरून लाकडी फळी दाबा आणि वाकवा, नुसत्या हाताने कोपरा गोल होतो आणि गोल कोपऱ्यामागे पोकळी राहते. कडांना दर २ इंचाला क्लिप, आणि मधल्या भागात दर ४-५ इंचाला स्टीलच्या तारेची एकेक गाठ. ही मधली गाठ चुकवू नका. जाळी आणि गज यांच्यात बोटभर जागा राहिली तर पक्ष्याचा पाय जाळीतून जाऊन मागच्या गजाशी अडकतो. तारेची पिळलेली टोकं बाहेरच्या बाजूला, आखूड कापून, नाकपकडीने दाबून ठेवा.

केबल टाय चालतात, फिंचला ते तोडता येत नाहीत. पण गॅलरीतल्या उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होऊन ते एक दिवस आपोआप तुटतात. तात्पुरत्या कामाला वापरा, आणि शेपटी मुळापासून कापा.

पिंजरा मुळातच अर्ध्या इंची जाळीचा असेल तर अस्तराची गरज नाही. सरळ सांध्यांकडे वळा.

फोल्डिंग पिंजऱ्याचे सांधे

घडीचे पिंजरे वाहतुकीसाठी सोयीचे म्हणून बनतात. त्यांच्या बाजू दोन-दोन कड्यांनी धरलेल्या असतात आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक उभी चीर राहते. रिकामा पिंजरा पाहिला तर ती मिमी-दोन मिमीची वाटते. आता छताच्या एका कोपऱ्यावर हात दाबून तिरका जोर द्या, तीच चीर पाऊण इंच फाकते. पिंजरा उचलून बाल्कनीत नेताना अगदी हेच होतं.

त्यामुळे घडीचा मोह सोडा आणि सगळ्या कडा दर २ इंचाला क्लिप मारून कायमच्या बंद करा. वरचं झाकण उघडतं असेल तर तेही. झाकणातून हात घालायची सवय फिंचसाठी सगळ्यात वाईट, कारण दचकलेली फिंच वर उडते.

प्लॅस्टिकचा खोलगट तळ आणि त्यावर बसणारा तारेचा साचा अशा पिंजऱ्यात वेगळंच घडतं. वरच्या कडीला धरून उचललं की बाजूच्या खिट्ट्या सुटतात, तळ खाली पडतो आणि पक्षी मोकळे होतात. अशा पिंजऱ्याला चारही बाजूंनी तारेने तळाशी बांधा आणि उचलताना नेहमी तळाखाली हात घाला. एका आकड्यावर टांगणंही बंद करा. वाऱ्याने पिंजरा हेलकावतो, आकडा झिजतो. भिंतीला दोन ब्रॅकेट किंवा जड स्टँड बरं.

दोन पिंजरे जोडून एक

२४ × १८ × १८ इंचाचे दोन सारखे पिंजरे घेऊन ४ फुटांचा एक करणं हा पैसे वाचवणारा उपाय, आणि फिंचला उडायला खरी जागा मिळते. पण यात तीन नव्या फटी तयार होतात.

दोघांच्या समोरासमोर येणाऱ्या १८ × १८ च्या बाजू काढून टाका. संपूर्ण बाजू काढता येत नसेल तर कडेने दोन चौकोन ठेवून मधला भाग कापा आणि राहिलेली कड कानशीने गुळगुळीत करा. पिंजरे एकमेकांना चिकटवून ठेवा आणि पुढच्या, मागच्या व वरच्या कडा क्लिपांनी जोडा, इथे दर दीड इंचाला, कारण मध्यावर सगळा भार येतो. पहिली फट या जोडावरच असते: दोन चौकटींच्या जाड तारांमुळे मध्ये ३-४ मिमीची खाच राहते, तिच्यात पक्ष्याचं बोट अडकू शकतं. आतून २ इंच रुंदीची जाळीची पट्टी सगळीकडून मारली की ती बुजते. दुसरी फट तळाला, दोन ट्रेच्या मध्ये. तिथे अॅल्युमिनियमचा अँगल उलटा, छपरासारखा बसवा. तिसरी ट्रेच्या खाचांच्या आतल्या टोकांना, जिथे आधी बाजूची जाळी होती. ही सगळ्यात सहज नजरेतून सुटते, कारण वरून दिसत नाही. ट्रे काढून, खाली वाकून, बोल्ट घेऊन तपासा.

चार फुटांचा पिंजरा मधून धरून उचलायचा नाही. खाली दोन लाकडी पट्ट्या आडव्या घालून तारेने बांधल्या की जोडावर ताण येत नाही.

ट्रेची खाच

ट्रे आत असताना सगळं बंद दिसतं. ट्रे ओढला की समोर पिंजऱ्याच्या पूर्ण लांबीची दीड-दोन इंचाची खिडकी उघडते, आणि दाणे टिपायला खाली उतरलेल्या फिंचच्या ती बरोबर नजरेसमोर असते.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे ट्रेच्या वर अडीच इंचावर अर्धा इंची जाळीचा कायमचा तळ. मग ट्रे महिनाभर बाहेर ठेवला तरी फिकीर नाही. तोटा असा की फिंचना जमिनीवर टिपायला, उकरायला आवडतं आणि ते जाळीवर होत नाही. यावर उपाय सोपा: तळाच्या जाळीवर एक उथळ स्टीलची ताटली ठेवा. पिल्लं घरट्यातून उतरण्याच्या दिवसांत तळावर घट्ट विणीच्या कापडाचा तुकडा किंवा कागद पसरा, पिल्लाचे पाय चौकोनातून खाली जाऊन अडकणार नाहीत.

ज्यांना उघडा तळच हवा त्यांनी दोन कामं करावीत. ट्रेची उंची मोजा, समजा १ इंच. खाचेच्या वरच्या कडेला अॅल्युमिनियमचा अँगल लावून खाचेची उंची ट्रेपेक्षा फक्त ३ मिमी जास्त राहील इतकी कमी करा. मग खाचेच्या दोन्ही टोकांना बाहेरून यू-चॅनलचे ४-४ इंचांचे उभे तुकडे तारेने बांधा आणि त्यांत अॅक्रिलिकची २ इंच उंचीची पट्टी वरून खाली सरकेल अशी बसवा. एरवी ही पट्टी वर उचलून एका आकड्यात अडकवलेली असते. ट्रे ओढत आणला की त्याची मागची भिंत खाचेपाशी येते, तोवर खाच ट्रेनेच भरलेली असते. ती भिंत बाहेर पडताक्षणी पट्टी खाली सोडायची. परत घालताना उलट क्रम: ट्रेची मागची भिंत पट्टीला टेकवा, पट्टी उचला, ट्रे आत.

पट्टीची लांबी दोन चॅनलमधल्या आतल्या अंतरापेक्षा २ मिमी कमी ठेवा. घट्ट बसवली तर पावसाळ्यात धूळ-ओल बसून ती मध्येच अडकते, आणि पट्टी अर्ध्यावर अडकलेली असताना दुसरा हात ट्रेमध्ये गुंतलेला असतो.

ट्रेमध्ये सात वर्तमानपत्रांचे थर एकावर एक घालून रोज वरचा एक काढायचा, ही युक्ती बरेच जण वापरतात. काम वाचतं, पण त्यासाठीही ट्रे रोज ओढावा लागतोच. जाळीचा तळ असेल तर तीन दिवसांतून एकदा कागद बदलला तरी भागतं.

दार

बाजारच्या पिंजऱ्यांना वर सरकणारं दार असतं. ते हलकं असतं, खाली पडायचा कंटाळा करतं, आणि मांजराने किंवा घरातल्या लहान मुलाने एका बोटाने उचललं तर उचललं जातं. एकटी फिंच ते सहसा उचलू शकत नाही. पण तार वाकून दार तिरकं बसलं की खाली एका कोपऱ्यात फट राहते, आणि तेवढी पुरते.

पहिलं काम कडीचं. प्रत्येक दाराला, दाण्याच्या छोट्या खिडक्यांनाही, खालच्या बाजूला स्टेनलेसची स्प्रिंगची कडी लावा, किल्लीच्या जुडग्याला असते तशी. कपड्यांचे चिमटे चालतात, पण लाकडी फुगतात आणि प्लॅस्टिकचे उन्हात तुटतात.

दुसरं काम थांब्याचं. दार पूर्ण वर जाण्याची गरजच नसते. मूठ आत जायला ४ इंच पुरतात. दार जिथवर जायला हवं तिथे वरच्या गजांना तारेची जाड गाठ मारा. दार गाठीला आपटतं आणि थांबतं. मोठी वस्तू आत न्यायची असेल तेव्हा गाठ सोडता येते, आणि ती वेळ वर्षातून दोनदाच येते.

तिसरं काम पडद्याचं, आणि एवढंच काही करायचं ठरवलं तर हे करा. दाराच्या चौकटीपेक्षा सगळीकडून १ इंच मोठे होतील असे कापडाचे दोन पल्ले घ्या, एक डावा, एक उजवा, मध्यावर एकमेकांवर अडीच इंच येतील इतके रुंद. ४ × ५ इंचाच्या दाराला एकूण रुंदी ६ इंच लागते, म्हणजे प्रत्येक पल्ला सव्वाचार इंच रुंद आणि ७ इंच उंच, शिवण वेगळी धरा. कडा दुमडून शिवा, सुटा दोरा एकही नको, कारण फिंचच्या पायाला दोरा गुंडाळला की काही दिवसांत बोट काळं पडून गळतं. पल्ले पिंजऱ्याच्या आतून वरच्या आणि बाजूच्या कडांना टाके घालून बांधा, खालची कड मोकळी. हात दोन पल्ल्यांच्या मधून जातो, कापड मनगटाभोवती बसतं, आणि पक्ष्याला समोर भिंत दिसते. कापड गडद रंगाचं घ्या. पांढऱ्यातून उजेड येतो, आणि घाबरलेला पक्षी उजेडाकडे झेपावतो. सैल विणलेलं, टॉवेलसारखं फासेदार किंवा जाळीदार कापड नको, नखं अडकतात. विष्ठेने खराब होतं, तेव्हा दोन जोड शिवून ठेवा.

दार शक्यतो पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात असावं, आणि बसायच्या काठ्या दारापासून लांब, वरच्या बाजूला. हात आत आला की फिंच वरच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि तिथेच राहतात. बरेच जण काठी बरोबर दारासमोर लावतात, म्हणजे पक्षी जवळून दिसतो. दार उघडलं की पक्षी तिथूनच सुटतो.

दाणापाणी बाहेरून

राळा, वरी, बारीक बाजरीचं मिश्रण घालायला रोज दार उघडायची गरज नाही. वरून भरायचा उभा फीडर बाहेर टांगा, त्याचं फक्त तोंड आत राहील असा. एका जोडीला आठवड्याचा दाणा त्यात मावतो. फिंच दाणा सोलून टरफल तिथेच टाकते, त्यामुळे फीडर भरलेला दिसला तरी तोंडाशी नुसता कोंडा असू शकतो. बाहेरून रोज फुंकर मारा.

नळीच्या पाणीपात्राचं तोंड आत घालायला जाळीचे २ × २ चौकोन, म्हणजे १ × १ इंचाचं भोक कापावं लागतं. नळी धुवायला काढली की हे भोक उघडं पडतं, आणि एक इंचातून फिंच आरामात जाते. त्यालाही ट्रेसारखीच सरकपट्टी हवी: भोकाच्या दोन्ही बाजूंना यू-चॅनलचे ३ इंचांचे तुकडे आणि मध्ये २ इंचाची अॅक्रिलिकची चकती. नळी काढताना आधी चकती खाली ढकलायला घ्या, नळी सुटताच ती बसते. समुद्रफेस आणि पालेभाजी जाळीला बाहेरून चिमट्याने लावता येते, फिंच चौकोनातून टोचून खाते.

घरट्याची पेटी बाहेरून लावली तर दार न उघडता झाकणातून पाहता येतं. पण पेटी नुसती आकड्यांवर अडकवू नका. चार बोल्ट, मोठे वॉशर, आणि झाकणाला कडी. पेटी एका बाजूने अर्धा इंच जरी लोंबली तरी मागे चीर पडते. आत काथ्या देताना ५ ते ७ सेंमीचे तुकडे करून द्या, लांब धागे पायाला आणि गळ्याला अडकतात.

बाहेरून आत येणारे

अर्धा इंच जाळीतून फिंच बाहेर जात नाही, पण उंदराचं पिल्लू आत येतं, आणि तस्करासारखा सडपातळ लहान सापही येतो. कोकणात, किंवा बागेला लागून घर असेल तर पिंजऱ्याभोवती २ इंच अंतर ठेवून स्टेनलेसची मच्छरजाळी लाकडी चौकटीवर ताणून लावा. अंतर ठेवण्याचं कारण मांजर: ती जाळीवर पंजा मारते, आणि जाळीला चिकटून झोपलेली फिंच बाहेरून ओढली जाते. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

फ्लॅटमधल्या गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते. तिच्या भरवशावर पिंजरा गॅलरीत उघडू नका. ती जाळी कबुतर अडवायला आहे, तिच्या एका चौकोनातून फिंच न थांबता निघून जाते.

गॅलरीच पूर्ण बंद करून मोठा पक्षीघर करायचा विचार असेल तर दोन दारांची डेवढी हवीच: ३ × ३ फुटांची जागा, बाहेरचं दार बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. आतलं दार साडेचार फूटच उंच ठेवा. माणूस वाकून आत जातो, पक्षी डोक्यावरून जात राहतात. दोन्ही दारांना स्प्रिंग, म्हणजे हातात बादली असली तरी दार आपोआप लागतं.

पक्षी सोडण्यापूर्वी

रिकाम्या पिंजऱ्याच्या सगळ्या कड्या लावून तो दोघांनी उचला, तिरका करा, एका बाजूने हलवा. मग लाल दोरे पाहत पुन्हा एकदा १० किंवा १२ मिमीचा बोल्ट सगळीकडे फिरवा. ट्रे काढून-घालून, नळी काढून-घालून हाताला सवय करा. हे पक्षी आत असताना शिकायचं काम नव्हे.

पहिले तीन-चार दिवस पिंजरा बंद खोलीतच ठेवा. नवा पक्षी सकाळच्या पहिल्या उजेडात सगळ्यात जास्त फटी शोधतो, तेव्हा दहा मिनिटं लांबून पाहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा चोच घालत असेल तर तिथे काहीतरी राहिलं आहे.

साफसफाई संध्याकाळी, खोली मंद करून, खिडक्या लावून करा. आणि दाराच्या कडीला हात लावण्याआधी पंखा बंद. सुटलेली फिंच छताकडे जाते आणि छताला पंखा असतो.

तरी सुटलीच तर झाडू घेऊन मागे धावू नका. इवलासा जीव काही मिनिटांत दमतो आणि हातात येईपर्यंत मरू शकतो. पडदे ओढून काचा झाका, मग दिवे बंद करा. अंधारात ती जिथे असेल तिथे बसून राहते. कुठे बसली ते लक्षात ठेवून, पातळ सुती रुमाल हळूच वरून टाकून मुठीत घ्या, छाती न दाबता. बाहेर गेली असेल तर जोडीदार असलेला पिंजरा त्याच खिडकीत ठेवा. झेब्रा फिंच जोडीदाराला सतत साद घालते आणि ती ऐकून दुसरी जवळ येते. शेजारी दुसरा रिकामा पिंजरा, आत राळ्याची कणसं, दार दोऱ्याने वर धरलेलं, दोरा तुमच्या हातात. अंधार पडेपर्यंत तिथून हलू नका, आणि पहाटे पुन्हा लावा.